बायबलमागची पाकिटं

डेट्रॉइट
रविवार, ९ मे १९७१

ताई,

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. आईच्या थडग्यावरचा दगड नीट पोहोचला, कोपरा कुठं उडाला नाही, हे वाचून जीव भांड्यात पडला. बेथेलच्या चर्चमध्ये पाद्रीबाबांनी माझं नाव घेतलं आणि सगळ्यांनी मोठ्यानं ‘आमेन’ म्हटलं, असं तू लिहिलंस. घ्यायला नको होतं गं. दगडावर आईचं नाव आहे, तेवढं पुरे होतं.

आज मदर्स डे. आई नसलेल्या बायकांसारखी मीही पांढरं फूल लावून चर्चला गेले. बाकावर शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, “कधी गेल्या?” म्हटलं, “दीड वर्ष झालं.” ती म्हणाली, “दगड बसवलास?” मी हो म्हटलं. तिनं माझा हात दाबला. नंतरच्या उपदेशातलं एक अक्षर माझ्या कानात शिरलं नाही.

आता तू शेवटी विचारलंस त्याबद्दल. कोर्टाचा माणूस पायरीवर जाड पाकीट ठेवून गेला, वर ‘आयझम मेब्रीचे वारस’ असं टाइप केलेलं. आपला भाऊराया एल्झी म्हणाला, “ताई, उघड. पाकीट आहे, साप नाही.” आणि तू म्हणालीस, “साप असता तर केव्हाच कुदळीनं मारला असता.” वाचताना तुमच्या दोघांचे आवाज ऐकू आले. खाली तू लिहिलंस, लू, तू शिकलेली, दिवसभर हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये कागदांतच असतेस, तू सांगशील तसं करीन.

ताई, उघडू नकोस.

आजोबांची गोष्ट मी तुला काय सांगणार, तू त्यांच्या मांडीवर बसून ऐकली आहेस. मी जन्मले तेव्हा ते म्हातारे होते, मला फक्त त्यांच्या दाढीचा तंबाखूचा वास आठवतो. पण बाबा दर नाताळात सांगायचे ते पाठ आहे. गुलामी सुटली त्याच्या पुढच्या जानेवारीत जुन्या मालकानं सगळ्यांना ओसरीसमोर उभं केलं आणि सांगितलं, शाळा काढतोय, नावं लिहून घेतोय. आजोबा एकवीस वर्षांचे. अक्षर शिकायची केवढी हौस. आनंदानं फुली मारली. कागद निघाला वर्षभराच्या मजुरीचा. त्याच मालकाकडे, त्याच कापसात, आणि सोडून गेलं तर तुरुंग.

तेव्हापासून आपल्या घराचा नियम. ज्या कागदाला हात लावलात तो तुमचा झाला. जो उघडलाच नाही तो ज्याचा त्याच्याकडे राहिला. पुढं बारा वर्षं दलदलीत सायप्रसच्या फळ्या तासून आजोबांनी ही सत्तर एकर घेतली, दस्त पत्र्याच्या डब्यात ठेवला आणि मरेपर्यंत दुसऱ्या कागदावर फुली मारली नाही. मृत्युपत्रसुद्धा केलं नाही. बाबांनीही नाही. कुणा एकाच्या नावावर नाही म्हणजे सगळ्यांची, आणि सगळ्यांची म्हणजे कुणालाच काढून घेता न येणारी. एवढी वर्षं तसंच चाललं की नाही?

तेव्हा ते पाकीट बायबलच्या मागं ठेवून दे. आपोआप शांत होईल.

अंजिराला फळ कसं आहे ते कळव.

तुझी
लू


तोच दिवस, दुपार
(हे टपालात टाकलं नाही)

ताई,

वरचं पत्र कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून आले. झाकण पडल्याचा आवाज अजून कानात आहे.

त्या पाकिटात काय आहे ते मला माहीत आहे. त्यात माझं नाव आहे.

फेब्रुवारीत एक माणूस माझ्याकडे आला होता. गोरा, पन्नाशीचा, आपल्याकडच्याच बोलीचा. दारात पायपुसण्यावर बूट पुसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मला ‘मिसेस हिल’ म्हणाला. ताई, आपल्या गावात एका तरी गोऱ्या माणसानं तुला कधी ‘मिस मेब्री’ म्हटलंय? मी त्याला कॉफी दिली. चांगल्या कपात.

त्यानं एक कागद पुढं सरकवला. त्यावर टाइप केलेलं होतं: लुव्हिनिया मेब्री हिल, एक तृतीयांश.

“हे काय?” मी विचारलं.

“तुमचा हिस्सा. कायद्यानं तुम्ही मालकीण आहात. तुम्हाला कुणी सांगितलं नाही का कधी?”

नव्हतं सांगितलं कुणी. तू तर उलटंच सांगितलं होतंस. आईला पुरून आलो त्या दिवशी मी तिची निळी गोधडी मागितली, तेव्हा स्वयंपाकघरात, सगळ्या बायकांसमोर. “घर सोडून गेलेल्यांना घरातलं मागायला लाज नाही वाटत?” मी म्हटलं, “माझंही घर आहे ते.” तू हातातला डाव खाली ठेवलास. “तुझं? तू पाहुणी आहेस, लू. पाहुणीनं वाढलेलं जेवावं आणि उजेड आहे तोवर निघावं.”

मी निघाले. गाडी सुरू केली आणि आरशात पाहिलं. तू झाडू हातात घेतला होतास. पाहुण्याची पाठ वळताच अंगण झाडलं की तो पुन्हा येत नाही, हे आईनंच शिकवलंय ना आपल्याला? गाडी फाटकाबाहेरही गेली नव्हती, ताई. तू माझ्या चाकांच्या खुणा पुसायला निघाली होतीस.

त्या माणसानं कागद पुढं केला तेव्हा मला तो झाडू दिसत होता.

“मी फक्त तुमचा तुकडा घेतोय,” तो म्हणाला. “तुमच्या बहीण-भावाला काही धक्का लागणार नाही. पुढं कोर्टाचा एक कागद जाईल, रीत असते.” मी एकदा वाचलं. इतकी वर्षं मी कागद लावण्याचंच काम करते, न वाचता सही केली असं म्हणायची सोय मला नाही. मी वाचलं, आणि माझं पूर्ण नाव इतकं ठळक, इतकं सरळ लिहिलेलं पाहून मला बरं वाटलं. मालकीण व्हायला चाळीस वर्षं लागली आणि त्यानंतर पाच मिनिटांत मी ती राहिले नाही.

त्याच पैशांतून आईचा दगड घेतला. घरात ते ठेववत नव्हते.

तू ते पाकीट उघडलंस तर पहिल्याच पानावर मी भेटेन. म्हणून उघडू नकोस म्हणाले. आजोबांना मी उगीच मध्ये आणलं.


डेट्रॉइट
२७ जून १९७१

ताई,

मोजणीवाला तिकाटणं घेऊन आला आणि एल्झीनं डुकरांचं फाटक ‘चुकून’ उघडं टाकलं, हे वाचून मी रेकॉर्ड रूममध्ये एकटीच हसले. “साहेब, डुकरांचाही हिस्सा आहे, त्यांनाही मोजा!” हे फक्त एल्झीच म्हणू शकतो. मोजणीवाल्याचा एक बूट डुकरीण घेऊन गेली हे खरं का? का एल्झीनं तिखटमीठ लावून सांगितलं?

पण पुढचं वाचून हसू गेलं. दुसरं पाकीट आलं आणि त्यावरून तुमचं भांडण झालं. तू शब्द न् शब्द लिहिलास म्हणून तुमच्या टेबलाशी बसल्यासारखं वाटलं.

एल्झी म्हणाला, “आजोबा फसले ते न वाचता फुली मारली म्हणून. न वाचता, ताई! त्यावरून या घरानं धडा काय घेतला, तर वाचायचंच नाही?”

“तोंड आवर. कोरियाची लढाई पाहून आलास म्हणजे आजोबांपेक्षा शहाणा झालास?”

“शहाणा नाही, पण मला वाचता येतं. त्यांना येत असतं तर त्यांनी आधी हे पाकीट फोडलं असतं.”

आणि तू म्हणालीस, लूला विचारू.

काय सांगू? एल्झी अगदीच चुकीचं बोलतोय असं नाही. पण त्याचा स्वभाव तुला माहीत आहे, डोकं आधी तापतं. कोर्टातले लोक असे कागद शेकड्यांनी पाठवतात. घाई नको. पहिल्याशेजारी ठेव. कर भरतेस ना दर वर्षी वेळेवर? मग कुणाची काय हिंमत.

अंगण झाडायला ओढ्याकाठच्या काटक्या अजून मिळतात का, की गवत माजलं सगळं? इथं माझ्या खिडकीखाली सिमेंट आहे. त्यावर कुणाचंच पाऊल उमटत नाही. आई सकाळी दारात उभी राहून सांगायची ना, हे चर्चच्या डीकनचे बूट, ही टर्की, आणि ही आमची लू, हिचा डावा पाय आत वळतो.

लू


९ जुलै
(हेही टाकलं नाही)

ताई,

रेकॉर्ड रूममध्ये मिस्टर ओडम म्हणून आहेत, पूर्वी वकिलाकडे कारकून होते. त्यांना मी म्हटलं, एका मैत्रिणीचं असं असं आहे. ते चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, “तुझ्या मैत्रिणीच्या माणसांनी उत्तर द्यायलाच हवं. तारखेच्या आत. कुणीच बोललं नाही तर कोर्ट म्हणतं, वाटणी होत नाही, सगळीच विका. एका तुकड्याच्या जोरावर अख्खं शेत जातं. आपल्या लोकांची किती शेतं अशीच गेली, माहितीय तुला? घरच्याच कुणाच्या तरी सहीनं.” मग चष्मा खाली ओढून म्हणाले, “मैत्रिणीला सांग, धाव म्हणावं.”

जेवणाच्या सुट्टीत मी तारघरात गेले. फॉर्मवर लिहिलं: पाकिटं उघड. ताबडतोब वकील गाठ. खिडकीतल्या मुलीनं शब्द मोजले. “एवढंच? यात अजून तीन शब्द बसतील, बाई.”

तीन शब्द. सही मी केली. बरोबर बसत होते.

मी म्हटलं, पत्ता चुकलाय, नवा फॉर्म भरते. आणि बाहेर आले. फॉर्म अजून पर्समध्ये आहे. त्याची घडी इतकी बारीक केलीय की तो चघळून टाकलेल्या च्युइंग गमसारखा दिसतो.

उद्या करीन असं रोज म्हणते. दुसरं पाकीट कधी आलं ते विचारून ओडमनी दिवस मोजले, सोळा तारीख शेवटची असावी म्हणाले.


डेट्रॉइट
१८ ऑगस्ट १९७१

ताई,

होमकमिंगला, चर्चच्या वर्षाच्या मेळाव्याला, येऊ शकले नाही. पायांना सूज आहे, डॉक्टर प्रवास नको म्हणाले. बेथेलच्या झाडाखाली सगळी टेबलं लागली असतील, आणि तळलेल्या कोंबडीवरून डीकनीणबाईंचं आणि तुझं दर वर्षीचं युद्ध झालं असेल. या वर्षी कोण जिंकलं?

तू जे लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. डीकनीणबाई म्हणाल्या की टोपीवाल्या माणसाबरोबर एल्झी पेट्रोलपंपावर बोलताना दिसला, आणि महिन्याभरात त्याच्याकडे ट्रक आला. जुना का असेना, ट्रक. सगळी आळी म्हणते मेब्रींपैकी कुणीतरी सही दिली आहे. तू विचारतेस, लू, तुला काय वाटतं?

मला काय वाटणार, इतक्या लांबून. आपलाच भाऊ आहे. पण पिणाऱ्या माणसाचा भरवसा काय द्यावा, ताई.

त्याला तोडून बोलू नकोस मात्र. घराबाहेर काढू नकोस.

लू


डेट्रॉइट
१४ ऑक्टोबर १९७१
(रजिस्टर टपालानं)

ताई,

तुझं पत्र काल आलं. हे उत्तर रजिस्टर करतेय, हरवू नये म्हणून. तुझ्या हाती पडलं हे मला कळायला हवं.

दर वर्षीसारखी तू कर भरायला गेलीस. पैसे रुमालात बांधून, टोपी घालून. दर वर्षी तो कारकून विचारतो, “म्हातारा आयझम अजून जिवंत आहे वाटतं? सव्वाशेचा झाला असेल!” आणि तू म्हणतेस, “कर भरतोय ना? मग जिवंतच.” या वेळी तो हसला नाही. म्हणाला, “मावशी, या वर्षी तुझ्याकडून घ्यायचे नाहीत.” तू म्हणालीस, “का? बंद झाला कर?” तो म्हणाला, “पाच तारखेला, मंगळवारी, इथंच पायऱ्यांवर लिलाव झाला. दहा मिनिटं लागली.” तू विचारलंस, “आमच्या बाजूनं कोण उभं होतं?” तो म्हणाला, “कुणीच नाही. म्हणून तर दहा मिनिटं.”

तू लिहिलंस की रुमाल तसाच परत बांधलास आणि चार मैल चालत घरी आलीस. आणि ट्रकवाल्या भावाचं तोंड पुन्हा बघायचं नाही असं ठरवलंस. त्याचं सामान घरात जिथं जिथं होतं तिथून गोळा करून फाटकाबाहेर ठेवलंस, कोरियाचं पदकसुद्धा.

ताई, एल्झीनं सही केली नाही.

सही मी केली. फेब्रुवारीत, माझ्या स्वयंपाकघरात, डोळे उघडे ठेवून. मला पाहुणी म्हणालीस त्याचा राग होता. मी गाडीत बसले आणि तू झाडू उचललास त्याचा जास्त होता. कागदावर माझ्या नावापुढं ‘एक तृतीयांश’ लिहिलं होतं आणि तुला दाखवून द्यायचं होतं. दाखवायला मात्र कधी आलेच नाही.

पाकिटं उघडू नकोस म्हणाले ते आजोबांसाठी नव्हतं. आत माझं नाव होतं. उत्तर द्यायची तारीख मला माहीत होती. ती गेल्यावरही मी इथं बसून तुला तळलेल्या कोंबडीबद्दल विचारत होते.

एल्झीबद्दलचं ते एक वाक्य मी लिहिलं. तो दारू पितो म्हणून नाही. तुझा संशय कुणावर तरी बसायला हवा होता आणि माझ्यावर बसू नये म्हणून.

आईचा दगड त्याच पैशांचा आहे. पाद्रीबाबांना सांग, आमेन परत घ्या.

क्षमा कर असं लिहायला हात उठत नाही. वाच एवढंच म्हणते. आणि एल्झीला शोध.

लुव्हिनिया


बसमध्ये, मेकनच्या पुढं
शनिवार, ६ नोव्हेंबर १९७१

ताई,

हे टपालात टाकायचं नाही. तुला वाचून दाखवायचं आहे, म्हणून आधी लिहून घेतेय, नाहीतर तुझ्यासमोर मी निम्मं गाळीन. मला माझी सवय कळली आहे.

तीन आठवडे तुझ्या उत्तराची वाट पाहिली. पोचपावती आली, तुझ्या वळणदार सहीची. उत्तर नाही. मला वाटलं, हेच उत्तर. अर्निथा मेब्री आता मला बहीण म्हणणार नाही. आणि खरं सांगते, त्यात एक सुटकाही होती. निदान तुला कळलं होतं.

बुधवारी दुकानातून एल्झीचा फोन आला.

“लू? तुझं ते लाल शिक्क्याचं पाकीट काय आहे गं?”

“तिनं वाचलं ना?”

“वाचतेय कशाची. पोस्टमननं सही मागितली, तशी घाबरून करून टाकली तिनं, पण उघडलं नाही. सही मागणारा कागद म्हणजे कोर्टाचाच, म्हणाली. मी म्हटलं, अगं अक्षर लूचं दिसतंय. तर म्हणे, आता तिच्या नावानंही पाठवायला लागले बदमाश. ठेवलंय बायबलमागं. बाकीच्या दोघांच्या पंगतीला.” मग तो हसला, पण नेहमीसारखा नाही. “तूच सांगितलं होतंस ना, उघडू नको. ताई तुझा शब्द मोडत नाही.”

मग विचारलं, “तू घरात आहेस? तिनं घेतलं तुला?”

“घरात नाही. डीकनच्या खोपटात झोपतो. दिवसा येतो, सामान बांधायला. या महिनाअखेर घर सोडायचंय. ती माझ्याशी सरळ बोलत नाही, भिंतीकडं बघून बोलते, पण ताट वाढून पायरीवर ठेवते. काल काकवीपण होती. म्हणजे राग उतरणीला लागलाय.”

“एल्झी, तिला वाटतंय की तू—”

“माहितीय काय वाटतंय ते. मी गेलो होतो कोर्टात. लिलावानंतर. म्हटलं, दाखवा मला तो दस्त. दाखवला.”

दुकानात कुणीतरी सोड्याच्या बाटल्यांचा क्रेट आपटला, तेवढा आवाज आला.

“मग बोलला का नाहीस तिला?”

“काय बोलू? ट्रक मी डुकरं विकून घेतला हे तरी कुठं ऐकलं तिनं? हे बघ लू, माझ्यावर चिडायची तिला सवय आहे. तीस वर्षं चिडतेय. तुझ्यावर चिडायची नाही. ते तिला नव्यानं शिकावं लागेल, आणि आता तिचं वय शिकायचं नाही.”

मी रडत होते. तो म्हणाला, “पाकीट काढून चुलीत घालू का? तिला कळणारसुद्धा नाही. तू सांग. तू सांगशील तसं.”

ताई, अर्धं मिनिट मी गप्प होते. त्या अर्ध्या मिनिटात मी काय विचार करत होते ते तुला कळावं. मी विचार करत होते की एल्झीला खरंच चालेल का.

मग मी म्हटलं, “नको. मी येते.”

“येतेस?” त्याचा आवाज बदलला. “ती रोज म्हणते, लू येईल, लू सांगेल काय करायचं. म्हणे शिकलेलं माणूस घरात एक तरी हवं.”

फोन ठेवताना मी त्याला विचारलं, कसं सुचलं माहीत नाही, “आईच्या मातीच्या दिवशी मी निघाले, तेव्हा ताईनं लगेच अंगण झाडलं होतं ना?”

“झाडलं की. सकाळपासून शंभर माणसांचे पाय उमटले होते. तुझी गाडी दिसेनाशी होईतोवर नुसती हातात झाडू घेऊन उभी होती. मग झाडलं, पण सगळं नाही. तुझ्या चाकांच्या दोन रेघा सोडून. मी चुकून त्यावरून गेलो तर झाडूच्या दांड्यानं हाणलं मला. आठ-दहा दिवस होत्या, मग पाऊस आला.” मग म्हणाला, “का गं?”

मी फोन ठेवून दिला.

तेव्हापासून मी त्या दोन रेघा पाहतेय. तू त्यांच्या कडेकडेनं झाडतेयस, वाकून, झाडू आडवा धरून. आरशात मला फक्त तुझ्या हातातला झाडू दिसला होता, आणि तेवढ्यावर मी आजोबांची सत्तर एकर दिली.

बस आता गावाच्या अलीकडं आली आहे. भुईमूग काढून झालेला दिसतोय, रानं उघडी पडली आहेत. पर्समध्ये माझ्याजवळ न टाकलेली दोन पत्रं आहेत, तारेचा फॉर्म आहे, आणि हे. गावातला एक काळा वकील अशी प्रकरणं बघतो असं ओडमनी सांगितलं. मी विचारलं, लिलाव उलटतो का? ते म्हणाले, “शंभरातला एखादा. आणि त्यासाठी कुणाला तरी कोर्टात उभं राहून सांगावं लागतं की इतरांना कागद उघडू नका असं मी सांगितलं होतं.” मी म्हटलं, ते मी सांगीन. सोमवारी सकाळी जाणार आहे. जमीन परत येईल असं तुला म्हणत नाही. पण पायऱ्यांवर आपल्या बाजूनं कुणी उभं नव्हतं, ते सोमवारी असेल.

पण त्याआधी आज.

एल्झी स्टँडवर ट्रक घेऊन येतो म्हणाला, मी नको म्हटलं. चार मैल तू चाललीस, मीही चालेन. तू ओसरीत असशील किंवा अंगणात. आजचा शनिवार, म्हणजे झाडलेलं असेल, रविवारसाठी. मी आत येणार नाही. त्या स्वच्छ मातीवर पाय न ठेवता फाटकाशी, गवतात उभी राहीन. तू म्हणशील, “आलीस? ये की, उभी काय?” तू आधी असंच म्हणशील, मला माहीत आहे. तरी मी तिथंच उभी राहीन आणि तुला सांगेन की बायबलमागची तिन्ही पाकिटं बाहेर आण. तू म्हणशील, “कागदाला हात नको लावूस, लू.”

मी हात लावीन, ताई. तीनही माझेच आहेत. तुझ्यासमोर उघडीन आणि मोठ्यानं वाचीन, माझं नाव येईल तिथं आवाज बारीक न करता. एल्झी पायरीवर बसलेला असेल, त्यालाही ऐकू दे.

वाचून झालं की मी निघेन. तुझ्या हातात झाडू असेल किंवा कोपऱ्यात टेकवलेला असेल. तू तो घे. मी रस्त्याला लागले की सगळं अंगण झाड. या वेळी काही सोडू नकोस.

लू